जुन्या गाडीचा बेल्ट चिरकतो तेव्हा

सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून 'कुईंऽऽ' असा चिरका आवाज येतो. पाच-दहा सेकंद सगळ्यांना ऐकू जाईल असा गोंधळ, आणि मग काही झालंच नाही अशी शांतता. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे नवं नाही. यावर बहुतेक जण एक तर काहीच करत नाहीत, नाहीतर बेल्ट दाबून आवळून टाकतात. मी आवळला होता. आवाज तिथल्या तिथे थांबला आणि मी खूश झालो. चार महिन्यांनी अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं, बेअरिंग घरघरायला लागलं. बेल्ट मात्र ठणठणीत होता!

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऐकायचं, मग बघायचं, आणि पाना सगळ्यात शेवटी उचलायचा. आवाज बेल्टमधून येत असला तरी दुखणं बऱ्याचदा दुसरीकडेच असतं.

हा बेल्ट ओढतो काय?

इंजिनाच्या एका बाजूला, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला एक मोठी पुली असते. तिच्यावरून निघालेला रबरी बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. गाडीनुसार वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसरही त्याच्याच गळ्यात पडतात. जुन्या गाड्यांत या कामांसाठी दोन-तीन वेगवेगळे 'व्ही' आकाराचे बेल्ट असत. नंतरच्या गाड्यांत आतल्या बाजूला उभ्या धारा असलेला एकच लांब, चपटा बेल्ट सगळ्यांना वळसा घालून येतो.

पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या कव्हरखाली दातेरी टायमिंग बेल्ट असतो, तो वेगळा. दात असल्यामुळे तो असा घसरून किंचाळत नाही. या लेखातलं काहीही त्याला लागू करू नका. तो चुकीचा बसला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

बाहेरचा बेल्ट पुलीला धरून ठेवतो तो फक्त घर्षणाच्या जोरावर. ही पकड सुटली की रबर धातूवरून घसरतं आणि थरथरतं, तोच तो आवाज. मग सकाळीच का? स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो, आणि इंजिन सुरू होताच अल्टरनेटर तो भरून काढायला लागतो. त्या क्षणी त्याची पुली फिरवायला जड जाते. त्यात रबर गार आणि कडक, वर दवाचा ओलसरपणा. बॅटरी थोडी भरली, रबर गरम झालं, की पकड परत येते. म्हणून हा आवाज आपोआप थांबला तरी ती दुरुस्ती नव्हे. बॅटरी म्हातारी झाली असेल तर अल्टरनेटरवरचा हा भार जास्त वेळ राहतो आणि चांगला बेल्टसुद्धा कुरकुरतो.

आवाजाची जात ओळखा

लांबलचक, तार ओढल्यासारखा 'कुईंऽऽ' म्हणजे बेल्ट घसरतोय. तो भार वाढला की वाढतो. इंजिन मंद चालत असताना कुणाला तरी आत बसवून एकेक गोष्ट करायला सांगा. आधी हेडलाइट आणि ब्लोअर, मग एसी, मग स्टिअरिंग एका टोकापर्यंत. स्टिअरिंग टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंपावर विनाकारण दाब येतो. ज्या गोष्टीने आवाज उमटतो त्या पुलीकडे पहिलं बोट. एसी लावताच जोरात किंचाळून रबर जळल्याचा वास आला तर एसी लगेच बंद करा. कॉम्प्रेसर जाम होत चालला असण्याची शक्यता आहे आणि बेल्ट त्याची शिक्षा भोगतोय.

चिमणीसारखं 'चिक्‌ चिक्‌ चिक्‌', ठरावीक लयीत, इंजिनाचा वेग वाढवला की लयही वाढते: हे बहुतेक वेळा पुली एका रेषेत नसल्याचं लक्षण. बेल्ट दरवेळी पुलीत किंचित तिरका शिरतो आणि कडेला घासतो.

तिसरा प्रकार घरघर, खरखर किंवा कोरड्या किणकिणीचा. तो बेल्टचा नाहीच. एखादं बेअरिंग गेलंय. इथे बेल्ट आवळणं म्हणजे आजारी बेअरिंगवर आणखी वजन टाकणं, मी केलेली चूक नेमकी हीच होती.

पाण्याची परीक्षा

ही मला सगळ्यात आवडते, कारण लागते फक्त फवारणीची बाटली आणि साधं पाणी. इंजिन मंद चालू ठेवा, आवाज येत असताना हात लांब ठेवून बेल्टच्या आतल्या, पुलीला टेकणाऱ्या बाजूवर थोडंसं पाणी फवारा. अल्टरनेटरच्या जाळीत पाणी जाऊ देऊ नका.

आवाज वाढला तर पकड कमी पडतेय: ताण ढिला आहे, बेल्ट झिजलाय, किंवा टेन्शनरची (बेल्टला आपोआप ताण देणाऱ्या हाताची) स्प्रिंग थकली आहे. आवाज क्षणभर थांबून पाणी सुकताच परत आला तर पुलीच्या रेषेकडे बघा. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे. ही परीक्षा शंभर टक्के अचूक नाही, पण पुढचा अर्धा तास कुठे घालवायचा हे ती सांगते.

तेल, ग्रीस किंवा गंज घालवायचा स्प्रे यातलं काहीही बेल्टवर मारू नका. आवाज जातो खरा, कारण घर्षणच जातं. नंतर बेल्ट आणखी घसरतो, आणि तेलाने काही प्रकारचं रबर फुगून मऊही पडतं. बेल्टसाठी मिळणारा चिकट स्प्रे जुन्या व्ही बेल्टवर घरी पोचण्यापुरता चालून जाईल. धारांच्या बेल्टवर तो धूळ गोळा करून धारांमध्ये लगदा बसवतो, नंतर पुल्या खरवडत बसावं लागतं. साबणाची वडी घासणं, टाल्कम पावडर टाकणं यांचीही तीच गत.

आता इंजिन बंद

किल्ली काढून खिशात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही करंट असतो, पाना तिथे आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी होते. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा गरम इंजिनात किल्ली बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तार सोडवल्यावर ती भीतीही जाते. इंजिन गार होऊ द्या. गळ्यातली साखळी, मफलर, लोंबणारी बाही, मोकळे केस हे सगळं आधी आवरा. मघाच्या चालू इंजिनाच्या परीक्षांना तर हे दुपटीने लागू.

मग हातात टॉर्च घ्या आणि बेल्टची आतली बाजू बघा. सगळा एकदम दिसत नाही, थोडा थोडा पुढे सरकवावा लागतो. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, क्रँकपुलीचा मधला बोल्ट गोटी पान्याने इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा.

चांगला बेल्ट मंद काळा दिसतो. काचेसारखी चकाकी आली असेल तर तो घसरून घसरून भाजला गेलाय. अशा बेल्टला पॉलिश पेपर मारून काही दिवस शांत ठेवता येतं, पण काही दिवसच. कडेचे दोरे सुटलेले असतील तर तो तिरका चालतोय. धारेचा तुकडा निघालेला असेल तर पुढचा विचार करायची गरज नाही, बदला. धारांवर आडव्या भेगा असतील तर त्या मोजा: एका धारेवर इंचभर अंतरात तीन किंवा जास्त भेगा म्हणजे निरोपाची वेळ.

पण इथे एक फसगत आहे. साधारण २००० नंतर ईपीडीएम नावाच्या रबराचे बेल्ट सर्वत्र आले आणि त्यांना सहसा भेगा पडतच नाहीत. ते मोटारीच्या टायरसारखे झिजतात. धारांमधल्या खाचा रुंद होतात, बेल्ट पुलीत जास्त खोल बसतो, पकड जाते, आणि वरून बघणाऱ्याला तो नव्यासारखा वाटतो. खाचेत नख घालून बघा. नव्या बेल्टच्या खाचेचा तळ अरुंद असतो. झिजलेल्याचा तळ पसरट, इंग्रजी यू अक्षरासारखा लागतो.

व्ही बेल्टची झीज ओळखायची खूण आणखी मजेशीर आहे आणि ती बेल्टवर नसून पुलीत असते. व्ही बेल्ट पुलीला दोन्ही तिरक्या बाजूंनी धरतो, पाचरीसारखा. त्याचा तळ खाचेच्या तळाला टेकता कामा नये. म्हणून पुलीच्या खाचेत टॉर्च मारा. तळाशी धातू घासून आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली उतरलाय. असा बेल्ट कितीही ताणा, तो घसरणारच, कारण पाचर राहिलेलीच नाही.

बेल्ट ओला, चिकट किंवा तेलकट लागला तर थांबा आणि वर बघा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपणारं ऑइल, पॉवर स्टिअरिंगची पाइप, कूलंटचा होज, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र या नेहमीच्या जागा. वॉटर पंपाच्या त्या छिद्रातून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय असं समजा. एकदा माझा अगदी नवा बेल्ट आठवड्यात किंचाळायला लागला होता. होजच्या क्लिपपाशी सुकलेल्या कूलंटचा फिकट डाग होता, थेंब मात्र गाडी गरम असतानाच पडत होता. गळती आधी बंद करा. ऑइल मुरलेला बेल्ट टाकून द्या. कूलंटचे नुसते शिंतोडे असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून एक संधी द्यायला हरकत नाही.

बेल्ट काढून पुल्यांची हजेरी

काढण्याआधी बेल्टचा मार्ग मोबाइलमध्ये दोन-तीन बाजूंनी टिपून ठेवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्गाचं स्टिकर असतं, पण जुन्या गाडीत ते उन्हाने पांढरं पडलेलं असतं किंवा कुठल्यातरी डेंटिंग-पेंटिंगमध्ये गायब झालेलं असतं. 'लक्षात राहील' असं म्हणू नका. सहा पुल्यांमधून जाणारा बेल्ट चार चुकीच्या पद्धतींनीही अगदी व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो. तोच बेल्ट परत घालायचा असेल तर पाठीवर खडूने फिरण्याच्या दिशेचा बाण काढा.

हाताने ताण द्यायच्या रचनेत अल्टरनेटर खालच्या एका मोठ्या बोल्टवर झुलतो आणि वर लांबट खाच असलेल्या पट्टीत दुसरा बोल्ट असतो. दोन्ही थोडे ढिले करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, बेल्ट सैल होतो. काही गाड्यांत ढकलायच्याऐवजी एक लांब आट्यांचा बोल्ट फिरवायचा असतो. तो वर्षानुवर्षं फिरलेला नसतो, म्हणून आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, बेल्टवर उडणार नाही असा. ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर त्याच्या हाताच्या बोल्टवर किंवा चौकोनी भोकात पाना घालून स्प्रिंगविरुद्ध ओढायचं आणि बेल्ट एका गुळगुळीत पुलीवरून सरकवायचा. स्प्रिंग चांगलीच जोरकस असते. पाना निसटला तर मध्ये बोट असता कामा नये. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बेल्ट पुलीवरून उडवणं टाळा, आतले दोर तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. या पाच मिनिटांत जे कळतं ते तासभर कान लावून कळत नाही. आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) आणि टेन्शनरच्या पुल्या निःशब्द, किंचित जडसर फिरायला हव्यात, आतलं ग्रीस जाणवायला हवं. फिरकीसारखी बराच वेळ भिरभिरत राहिली तर ग्रीस सुकलंय. वाळू असल्यासारखी खरखर बोटांना जाणवली तर बेअरिंग संपलंय. मग पुली वरून-खालून धरून हलवा. डुगडुगली तर तीच आरोपी. वॉटर पंपाच्या पुलीत जराही डुगडुग खपवून घेऊ नका. एसीची पुली कॉम्प्रेसर बंद असताना मोकळी फिरली पाहिजे.

अल्टरनेटरच्या काही पुल्या, विशेषतः डिझेल गाड्यांत, एकाच दिशेने पकडणाऱ्या असतात. तोंडावर प्लास्टिकचं गोल झाकण असेल तर तशी शक्यता धरा. आतला रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा फिरणारा भाग, स्थिर धरला तर ती एका बाजूला मोकळी फिरावी, आणि दुसऱ्या बाजूला अडायला हवी किंवा स्प्रिंगसारखी लवचीक लागावी. दोन्हीकडे अडली तर ती जाम आहे, आणि तिचे झटके थेट बेल्टला बसतात.

क्रँकपुलीकडे सहसा कुणी बघत नाही. पुष्कळ गाड्यांत ती दोन धातूच्या कड्यांची असते आणि मध्ये रबर असतं. जुन्या गाडीत ते रबर सुटतं, बाहेरचं कडं जागचं हलतं किंवा वाकडं फिरतं, आणि बेल्ट 'चिक्‌ चिक्‌' करत राहतो. आतल्या-बाहेरच्या कड्यांवरून एक सरळ पांढरी रेघ ओढून ठेवा. काम संपल्यावर गाडी थोडी चालवून परत बघा. रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर पुलीच बदलायची.

पुल्यांच्या रेषेसाठी एक सरळ धातूची पट्टी दोन शेजारच्या पुल्यांच्या तोंडाला टेकवा. एकीकडे दोन मिलिमीटरची फट दिसली तरी ती धारांच्या बेल्टला खूप झाली. कारण बहुतेक वेळा मानवी असतं. मागे कुणीतरी अल्टरनेटर बदलताना वॉशर गाळलेला असतो किंवा नवी पुली पूर्ण आत दाबलेली नसते.

एवढं करूनही आवाज बेल्टच्या घोळक्यातलाच आहे का अशी शंका असेल तर बॅटरीची तार जोडून बेल्टशिवाय इंजिन वीस-तीस सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही. वॉटर पंप थांबलेला असतो. आवाज तरीही आला तर तो इंजिनाच्या आतला आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. नंतर तार पुन्हा सोडवा.

पुल्यांच्या खाचांत रबराची काळी पूड बसलेली असते. ताठ ब्रशने घासा, ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. हे टाळून बसवलेला नवा बेल्टही पहिल्या दिवशीच चिरकू शकतो.

बेल्ट निवडताना

जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर असतो. '४ पीके ८९०' म्हणजे चार धारा, पीके जातीचं माप, लांबी ८९० मिलिमीटर. पुसला गेला असेल तर धागा लावून जुना बेल्ट मोजू नका, तो ताणलेला असतो. गाडीचं वर्ष, इंजिन, आणि एसी-पॉवर स्टिअरिंग आहे की नाही, यावरून नंबर काढा. एकाच मॉडेलला या फरकाने वेगळा बेल्ट लागतो.

बसवणं आणि ताण

बेल्ट घातल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. एक धार बाहेर राहून बेल्ट एक खाच सरकलेला असणं ही सगळ्यात सामान्य चूक. तसाच चालवला तर तो तासाभरात कडेने फाटायला लागतो.

ऑटोमॅटिक टेन्शनरला आपण ताण द्यायचा नसतो, तो बरोबर देतोय का एवढंच बघायचं. त्यावर खुणा असतील तर काटा त्यांच्या मध्ये हवा. इंजिन चालू असताना त्याचा हात किंचित थरथरला तर ठीक, दिसण्याइतका उड्या मारायला लागला तर टेन्शनर बदला. नवा बेल्ट आणि थकलेली स्प्रिंग ही जोडी फार दिवस नांदत नाही.

हाताने ताण देताना अल्टरनेटरला लाकडी दांड्याने किंवा टॉमीने बाहेर रेटा, पण जोर त्याच्या जाड कानापाशी लावा. बाहेरची जाळीदार कवची ॲल्युमिनियमची असते, तडकते. ताण धरून आधी खाचेतला बोल्ट आवळा, मग मोजा, मग खालचा मोठा बोल्ट पक्का करा.

मोजायचं कसं? दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब, मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण दहा किलोच्या जोराने दाबा. दहा किलो म्हणजे किती याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, माझाही चुकला होता. वजनाच्या काट्यावर एकदा अंगठा दाबून बघा, आपण समजतो त्यापेक्षा बराच जास्त जोर लागतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा असेल तर तोच प्रमाण, आणि त्यात नव्या बेल्टचा ताण जुन्यापेक्षा जास्त दिलेला असतो. पुस्तक नसेल तर पाऊण-एक वीत अंतराच्या व्ही बेल्टला आठ-दहा मिलिमीटर दबणं हा कामचलाऊ अंदाज. दुसरी पडताळणी म्हणजे त्याच जागी बेल्ट दोन बोटांत धरून पिळायचा. जोर लावून जेमतेम काटकोनापर्यंत वळला तर बरोबर. सहज पुढे गेला तर ढिला, अर्ध्यावर अडला तर तुम्ही माझ्याच वाटेवर आहात.

क्रँकपुली पान्याने दोन फेरे फिरवा, बेल्ट खाचांत बसू द्या, पुन्हा मोजा. सगळी हत्यारं बाहेर काढा, मोजून. बॅटरी जोडा, इंजिन दहा मिनिटं चालवा, त्यात एसी आणि दिवे लावून भारही द्या. बंद करून गार झाल्यावर ताण परत तपासा. नवा बेल्ट पहिल्या दहा मिनिटांतच थोडा सैलावतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

आणि मधल्या काळात

दुरुस्ती व्हायची असताना गाडी चालवावी लागली तर नजर दोन ठिकाणी ठेवा, बॅटरीचा लाल दिवा आणि तापमानाचा काटा. चालत्या गाडीत लाल दिवा लागला, स्टिअरिंग एकदम जड झालं, म्हणजे बेल्ट तुटला किंवा उडाला. तुमच्या गाडीचा वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर काटा वर चढायची वाट बघू नका, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर दिवसा, एसी-रेडिओ बंद ठेवून, बॅटरीच्या जिवावर जवळचं गॅरेज गाठता येतं. तुमचा पंप कशावर आहे हे मात्र आजच, बॉनेट उघडं आहे तोवर बघून ठेवा.